आढ्याला टांगलेली भाकरी

बोरीतली ती झडती मला अजून जशीच्या तशी आठवते. एकाहत्तरची लढाई सुरू होती आणि मी जिंतूर तालुक्यात फौजदार होतो. रोज कुणी ना कुणी हेर पकडून द्यायला ठाण्यात यायचा. त्या दिवशी बोरीचा एक बडा जमीनदार आला.

"साहेब, आमच्या गावचा एक कास्तकार ताश्कंदला जाऊन आलाय. आढ्याला गाठोडं टांगलंय, कुणाला हात लावू देईना. बिनतारी यंत्रच असणार!"

कापूस पिकवणाऱ्यांच्या पथकातून ताश्कंदला या जमीनदाराला जायचं होतं. निवड झाली एका बौद्ध शेतकऱ्याची. पोटदुखी मला कळत होती. पण लढाईच्या दिवसांत खबर ऐकून गप्प बसता येत नाही. हवालदाराला घेऊन निघालो.

गाठोडं होतं. शेतकरी आडवा आला. "सायेब, बेड्या घाला, पर त्येला हात लावू नका." आत काय आहे, ते मात्र सांगेना.

माणूस गप्प झाला की गुन्ह्याचं विचारू नये, भलतंच विचारावं. त्याला ओट्यावर बसवलं. म्हटलं, "ताश्कंद कसं आहे हो?"

गडी खुलला. "लय नवं शहर, सायेब. भूकंपानं पडलं, पुन्हा बांधलं. रुंद सडका, कारंजी. बायाच ट्राम चालवायल्यात! अन् मागच्या गल्लीत मातीच्या भिंती, अंगणात तंदूर. एका म्हातारीनं मेहमान म्हणून जेवू घातलं. तिच्या भिंतीला अर्धं नान टांगलेलं. पोरगा फौजेत जाताना एक घास खाऊन गेलता. उरलेलं त्यानंच येऊन खायचं..." आणि एकदम थांबला.

"तुमचा मुलगा कुठं आहे?"

"सरहद्दीवर." त्यानं आत आढ्याकडं पाहिलं. "दीक्षा घेतली तवा वस्तीतले नवस, अंगारे मीच बंद केले. आता मीच भाकरी टांगली म्हणल्यावर लोक तोंडात शेण घालतील, सायेब."

मला पटलं. पण पटण्यावर पंचनामा होत नाही. पंच बोलावले, त्याच्या बायकोलाच गाठ सोडायला सांगितली. वाळून खापरी झालेली ज्वारीची भाकरी निघाली, कडेला एका घासाची खाच.

हवालदार म्हणाला, "मोडून बघू. पापुद्र्यात काहीही मावतं."

बाईनं भाकरी छातीशी धरली. "माजं लेकरू येऊ द्या, मग मोडा."

हवालदाराचंही चूक नव्हतं. भाकरी तिच्याच हातात राहू दिली आणि खाचेतून पापुद्र्यात बॅटरी मारली. आत काही नव्हतं. पंचनाम्यात लिहिलं, 'एक भाकरी, घास खाल्लेली, जागेवर परत ठेवली.' जमीनदाराला ठाण्यात बोलावून असा झाडला, की पुन्हा तो हेर शोधायला गेला नाही.

संशय आला तर झडती घ्यावीच. पण न मोडता बघता येतं का, हे आधी पाहावं. पुढं आयुष्यभर मी हा नेम पाळला.

उन्हाळ्यात एक जवान बापाबरोबर ठाण्यात आला. फडक्यातून एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.

"बाकीची मी खाल्ली, साहेब. हा तुमचा वाटा, आईनं सांगितलंय."

दगड झाला होता नुसता. चहात भिजवून भिजवून सगळा खाल्ला.