पाल्यावरची शेळी

शेळीला कुणी पाव दिला की तात्या अंगावर धावून जायचे. पितृपक्षात डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतली माणसं पानातला भात घेऊन पुण्य कमवायला निघायची, तर हा म्हातारा वाटेतच काठी घेऊन उभा. "शेळी पाल्यावर जगता, पावावर न्हय," असं थेट मालवणीत सुनावायचे, समोर कुणीही असो.

बंद गिरणीच्या भिंतीमागे त्यांच्या चार शेळ्या होत्या. उंबर, सुबाभूळ, फणस, जो मिळेल तो पाला ते स्वतः निवडत आणि कोमेजलेली डहाळी बाजूला फेकत. माझ्या सईला गाईम्हशीचं दूध पचत नव्हतं. चार वर्षांची पोर, नुसती काडी. शेळीचं देऊन बघा, असं डॉक्टर म्हणाले आणि तात्यांचं दूध तिला मानवलं, गाल वर आले. मी तशी भांडकुदळ, पण तात्यांपुढे जीभ आवरायची.

दूध घालण्याआधी ते माझ्या भांड्याचा वास घेत. "शेळी खाता तांच तुझ्या चेडवाच्या पोटात जाता गो," म्हणत. आमच्या घरात मग हे वाक्य येताजाता ऐकू यायचं.

पुढे डेंग्यूची साथ आली. डेंग्यूवर शेळीचं दूध चांगलं, असं कुणीतरी मोबाईलवर फिरवलं आणि दादर-माझगावहून माणसं बाटल्या घेऊन भिंतीमागे येऊ लागली. तात्या कुणालाच नाही म्हणेनात. नवल म्हणजे दूध पुरतही होतं.

त्याच दिवसांत आमचं दूध पाणचट झालं. सई तोंड फिरवू लागली, पुन्हा वाळली. मी तात्यांना विचारलं, तर धार काढता काढता म्हणाले, "भांडा नीट घाशीत नसशीत." मी मेलीनं खरं मानलं ते! चिंचेनं भांडी घासली, पातेलं बदललं, पाणी मिसळता म्हणून सासूबाईंशी कडाक्याचं भांडले. त्या बिचाऱ्या दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

एका दुपारी गेले तर त्यांची काळी शेळी, मैना, मान टाकून पडलेली आणि जनावरांचे डॉक्टर शेजारी बसलेले. काय खायला घालता, त्यांनी विचारलं. "पालो," तात्या म्हणाले. डॉक्टरांनी कोपऱ्यातली ताडपत्री उचलली. खाली शिळ्या पावाची पोती आणि हॉटेलातला उरलेला भात.

"अहो, हे पोटात आंबतं," डॉक्टर म्हणाले. "लिव्हरला सूज येते. दूध आधी वाढतं, पण त्याचा कस जातो. ही आता वाचायची नाही."

मैना संध्याकाळी गेली. तिचं डोकं मांडीवर घेऊन तात्या रडले, खोटं नव्हतं ते रडणं. माझाही राग विरघळायला लागला होता. म्हातारा माणूस, गर्दीला भुलला, म्हटलं.

उठता उठता गोणपाटाच्या आडोशामागे चौथी शेळी दिसली. पुढ्यात हिरवागार उंबराचा पाला, अंग कसं तुकतुकीत.

"हिला बरा पाला घातलात, तात्या?"

त्यांनी मान वर केली नाही. "हिचा दूध नातवाक लागता," म्हणाले.

मी रिकामं भांडं घेऊन घरी आले, ती पुन्हा गेले नाही. अडाणीपणा असता, म्हातारपणाचा मोह असता, सगळं पोटात घातलं असतं. पण तात्यांना कळत होतं. नातवापुरतं अगदी बरोबर कळत होतं.