समुद्राआधी कन्फेशन

समुद्रावर जायचं तर आधी चर्च, हा आमच्या घरातला आईचा कायदा होता. अर्धा दिवस देवाचा, उरलेला अर्धा तुमचा. पण २०१७ सालच्या त्या रविवारी तिने कायद्याला एक नवं कलम जोडलं. बाबांनी कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, केलं नाही, तर डहाणूचा किनारा विसरा. मी तेव्हा दहावीत होते आणि माझं डोकं फिरलं. पापं बाबांची आणि शिक्षा आम्हाला, हा कुठला न्याय?

बाबांचं मोठं पाप आम्हा सगळ्यांना पाठ होतं. सहा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचा बाप्तिस्मा झाला. त्या जेवणात काका, म्हणजे बाबांचे सख्खे मोठे भाऊ, भर पंगतीत म्हणाले की पापलेटं शिळी आहेत. त्याच पापलेटांसाठी बाबा पहाटे बंदरावर जाऊन आले होते. शब्दाला शब्द वाढला आणि बाबांनी काकांना भरल्या ताटावरून उठवलं. तेव्हापासून बोलणं बंद. काका आशागडला, आम्ही वाणगावच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये, मध्ये गाडीचा जेमतेम अर्धा तास. दर नाताळला आई विषय काढायची आणि बाबा पाण्याचा तांब्या आपटून बाहेर जायचे. एवढंसं भांडण, पण आईला ते आतून पोखरत होतं. तिला माहेरी भाऊ नव्हता. आपल्या पोरींना एक काका आहे आणि तोही असून नसल्यासारखा, हे तिला सोसवत नव्हतं.

आता आमच्या नेहमीच्या फादरांशी बाबा कॅरम खेळायचे. त्यांच्यापुढे गुडघे टेकायचे म्हणजे पुढच्या डावाची पंचाईत. म्हणून आईने तलासरीचं चर्च काढलं. तिथले फादर अनोळखी, एकदा सांगून मोकळे व्हा म्हणाली. बाबा हो म्हणाले, कारण टॉवेल, बदलायचे कपडे आणि रबरी ट्यूब शनिवारीच व्हॅनमध्ये चढली होती आणि बहीण त्या ट्यूबवर बसून होती.

सकाळी आशागड आलं तसा बाबांनी वेग वाढवला. काकांचं घर रस्त्यालाच, अंगणात कण्हेर. आई मुद्दाम त्या बाजूला बघत राहिली. बाबा आरशात बघत होते, जशी काही मागून राजधानी एक्सप्रेसच येतेय.

तलासरीला पोचलो तर मिस्साला, म्हणजे रविवारच्या मुख्य प्रार्थनेला, वेळ होता आणि कोपऱ्यात जाळीमागे फादर कन्फेशन ऐकत बसले होते. रांगेत सात-आठ जण. बाबा रांगेत उभे राहिले खरे, पण मागून येईल त्याला पुढे सोडायला लागले. तुम्ही जा आजी, मला घाई नाही. तू जा बाळा, तुला शाळेचा अभ्यास असेल. रविवारी! असं करत करत रांग संपली आणि बाबांच्या मागे कोणी उरलं नाही. आईने लांबून नुसते डोळे वटारले, तेव्हा गेले.

गेले ते गेलेच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गायनवाल्या मुली पेटीवर उगीच सूर धरून बसल्या. मिस्साची वेळ टळली आणि सगळं चर्च मान वळवून कोपऱ्याकडे बघायला लागलं. पुढच्या बाकावरच्या बाईंनी मला हळूच विचारलं, तुमचेच का गं ते? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कोणाचा खून-बिन केलाय की काय असं लोकांना वाटलं असणार. बहिणीने तर मोठ्याने विचारलं की बाबांना आत कोंडलं का.

बाबा बाहेर आले ते कानापर्यंत लाल. मिस्साभर खाली मान घालून बसले. नंतर आम्ही अच्छाडच्या बाजूला एका ढाब्यावर पुरीभाजी खायला गेलो. ट्रकवाल्यांची गर्दी, गुजरातीत ऑर्डरी, गरम पुऱ्या. बाबांनी एक पुरी घेतली आणि ती तशीच ठेवली. आईने विचारलं की फादरांनी दिलेली प्रायश्चित्ताची प्रार्थना म्हणून झाली का, कारण तिने त्यांना गुडघ्यावर बसलेलं पाहिलं नव्हतं.

बाबा म्हणाले, "प्रार्थना नाही दिली. काम दिलंय."

कसलं काम ते आईने विचारलं नाही. मी विचारणार होते, तर तिने माझ्या पायावर पाय दिला. मग तिने सावकाश चार पुऱ्या खाल्ल्या. आईने एका वेळी चार पुऱ्या खाल्लेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या.

परतीला हायवे सोडून डहाणूच्या रस्त्याला लागलो. आशागड आलं. बाबांनी वेग कमी केला. कण्हेर दिसली, अंगण दिसलं आणि गेलं. ते थांबले नाहीत. आईने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. मला बाबांचा इतका संताप आला की समुद्रही नको झाला. मी तसं म्हणायला तोंड उघडणार, तोच पुढच्या वळणावर बाबांनी गाडी थांबवली, एक मोठा श्वास घेतला आणि रिव्हर्स टाकला. वळवून नेता आली असती, पण नाही, सगळं अंतर उलटंच कापलं. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने शिव्या घातल्या.

काका बनियनवर ओट्यावर बसले होते. बाबा खाली उतरले आणि फाटकाशीच उभे राहिले. शेवटी बाबा म्हणाले, "दादा, समुद्रावर चाललोय. येतोस?"

काका उठले आणि आत गेले. बाबांचा चेहरा पडला. ते माघारी वळले, गाडीच्या दाराला हात घातला, तेवढ्यात काका शर्टाची बटणं लावत बाहेर आले, खांद्यावर टॉवेल. त्यांच्यामागे काकू, चांगली साडी नेसून, हातात भरलेला डबा. इतक्या झटपट कोणी डबा भरतं? आई आणि काकू सहा वर्षं चोरून फोनवर बोलत होत्या, हे मला त्या क्षणी कळलं. धन्य त्या जावा.

आई आपली जागा धरून पुढे बसली होती. बाबा तिला म्हणाले, तू मागे जा, दादाला मागे मळमळतं. ती हसत हसत उठली आणि आमच्यात येऊन कोंबून बसली. बहीण काकूंच्या मांडीवर, ट्यूब माझ्या डोक्यावर. निघाल्या निघाल्या भावाभावांचा रस्त्यावरून वाद सुरू झाला, रेल्वे फाटकाकडून जायचं की पुलावरून. ऐकून बहीण खदखदून हसायला लागली.

काकांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हिला तेव्हा दात आले नव्हते," ते म्हणाले. "आता पडलेसुद्धा."

बाबांनी गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि लहान पोरासारखे रडले. काका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ऊन वर आलं होतं, समुद्राला उशीर होत होता. पण चला असं कोणीच म्हटलं नाही, मीसुद्धा नाही.