खसच्या कुपीचा तपास

परवा लग्नात कुणीतरी मनगटाला खसचं अत्तर लावलं आणि मी थेट लहानपणीच्या औरंगाबादेत, चाचांच्या अत्तराच्या दुकानात जाऊन पोचलो.

तेव्हा मला रहस्यकथांचं भलतंच वेड, डोक्यावर कायम गुप्तहेरासारखी टोपी. त्या दिवशी चाचांनी नेहमीसारखा माझ्या कानात खसचा फाया खोचला आणि थोड्या वेळानं खसची शेवटची कुपी गायब! सिल्लोडचे एक मामा भाचीच्या लग्नासाठी तीच न्यायला आलेले. "एसटी सुटंल ना वो माझी!" ते रडकुंडीला आले.

मी तपास हाती घेतला. गल्ला हुंगला, खस. गादी हुंगली, खस. मामांची कॉलर हुंगली, तिथंही खस!

"मामा, खिसे दाखवा," मी गरजलो.

"लई झालं हां आता!" मामा उसळले.

चाचांनी माझ्या कानातला फाया काढला. "जासूस मियाँ, अब सूंघो."

गल्ल्याला मोगऱ्याचा वास होता, मामांना घामाचा. गोंधळून मी डोकं खाजवलं, तर टोपी डोक्यावर नव्हतीच. ती काउंटरवर होती आणि तिच्याखाली कुपी.

मामा ती घेऊन स्टँडकडं पळाले. मला मात्र अजून उलगडत नाही, चोरी झालेला दुकानदार सारा वेळ इतक्या मजेत पान चघळत कसा बसला होता?