मेणाचे दोन आणे

मुलीच्या लग्नाच्या सकाळी मालगुजारांची काळी मोटार वरातीसाठी माझ्या दारात उभी होती. जवळ मी आणि ती धुणारा त्यांचा माणूस, दोघेच होतो. मेण लावण्याआधी तो नेहमी मनगटाची आतली बाजू पत्र्यावरून फिरवी. "डोळ्याले कण दिसत नाही जी, कातडीले समजते."

तो पाणी आणायला गेला, तेव्हा मदत म्हणून मी एक चिखलाचा डाग पितळी भांड्यासारखा तुसाच्या राखेने घासला. रंगावर वीतभर ओरखडे उठले.

"हे का बटलोई आहे का जी?" परत येताच त्याने बादली खाली ठेवली. मालगुजार यायला अर्धा तास होता. तो बोटांच्या उबेने मेण जिरवत राहिला. तरी तीन ओरखडे उरलेच.

मालगुजारांनी ते पाहिले. "कोणी केलं?"

मी राखेचे हात पाठीमागे घेतले.

"माह्याच हातानं झालं, मालक."

वरात निघाली. त्याच्या पगारातून दीड रुपया कापला गेला.

दुसऱ्या दिवशी मी दीड रुपया त्याच्यापुढे धरला.

"खोटं बोललो ते लेकीच्या वरातीसाठी जी. पैशाले इकाले नाही."

त्याने ओरखड्यांत जिरलेल्या आपल्या मेणाचे दोन आणे तेवढे घेतले.