आमच्या मातीत काही नाही

शिरगावात तेव्हा खाणीचे ट्रक दिवसभर धावत. खाणवाल्यांनी आमच्या भातशेतातही बोअर मारून माती तपासायला नेली होती. खनिज निघालं तर शेत जाणार, हे आम्हाला ठाऊक होतं. आमच्या जमिनीत काही सापडू देऊ नकोस, असं गाऱ्हाणं बाबांनी देवळात घातलं होतं.

त्या रविवारी दुपारी शेजाऱ्यांनी व्हिडिओवर घोडेस्वारांचा इंग्रजी सिनेमा लावला. नदीच्या वाळूत सोनं सापडतं आणि लोक टोप्या उडवून नाचतात. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई तेवढी म्हणाली, "आता तांचीं शेतां गेलीं." मला तिचा रागच आला. चांगला चाललेला सिनेमा नासवला.

आठवड्याने खाणीवरचा मुकादम दारात आला. तुमच्या मातीत दम नाही, म्हणाला, नुसता चिखल. त्याला आमच्यासाठी वाईट वाटत होतं, म्हणून आम्हीही तोंडं पाडून ऐकलं. तो वळणाआड गेला तसे बाबा नारळ शोधायला आत धावले. विहिरीवरून आलेल्या आईने कळशी खाली ठेवली आणि डोक्यावरची चुंबळ, त्या सिनेमातल्या टोप्यांसारखी, उंच उडवली.