सोनकांबळे सरांसाठी एक रेकॉर्डिंग

लाजेचे किस्से कोणी ठरवून जमवत नाही. फळ्याखाली खडूचा चुरा साचतो तसे ते आपोआप साचतात, आणि एक दिवस पंखा लागला की सगळे आपल्याच तोंडावर येतात. हे आमचे किस्से लातूरचे, मधेच एक नांदेडचा. सगळे रविवार सकाळचे. हसायला हरकत नाही, मीही हसते, फक्त नंतर बराच वेळ मान वर होत नाही.

आम्ही सगळे क्लासवाले. लातुरात क्लासवाला म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. मी जीवशास्त्र शिकवते. बिरादार सर फिजिक्स, मूळ देवणीचे. खान सर केमिस्ट्री, राहायला नांदेडला, रविवारी पहिल्या गाडीनं हजर. आणि ज्यांच्या बैठकीत आम्ही जमतो ते सोनकांबळे सर, गणिताचे, आमच्यात सगळ्यांत वडील.

सरांनी तरुणपणी रेडिओवर एकदा पियानो ऐकला आणि ते एकोणिसाव्या शतकातल्या एका पोलिश माणसाच्या नादी लागले. आम्हालाही त्यांनीच लावलं. त्याच्या नावाचा उच्चार आम्ही चौघं चार तऱ्हांनी करतो, तेव्हा भांडण नको म्हणून त्याला नुसतं 'बुवा' म्हणतो. बुवांचा पियानोवरचा एक लहानसा तुकडा सरांचा जीव की प्राण. पाचेक मिनिटांचा असेल. पण जगातल्या झाडून सगळ्या पियानोवाल्यांनी तो वाजवून ठेवलाय, आणि दरेकाचा निराळा.

मागच्या पावसाळ्यात सरांनी चहा झाल्यावर सांगितलं, की डावा कान गेलाच होता, आता उजवाही जाईल असं डॉक्टर म्हणून राहिले. किती दिवसांत, ते डॉक्टरलाही माहीत नाही. मग म्हणाले, "माझ्या कानावर माझाच भरवसा न्हाई आता. वरचे सूर आत्ताच गळून राहिले. तुम्ही तिघं मिळून एक रेकॉर्डिंग निवडून द्या. एकच. तेवढं मी घोकून पाठ करतो. मग कान गेला तरी डोक्यात वाजत राहील."

दोन-तीन पाठ केले तर सगळ्यांची खिचडी होईल, म्हणून एकच पाहिजे होतं. आणि आम्ही निवडेपर्यंत ते घोकायला सुरुवात करणार नव्हते. गणिताचा माणूस, उत्तर पक्कं झाल्याशिवाय वहीत उतरवायचं नाही!

यावर मी काय केलं? उठले, भिंतीवरच्या फळ्यावर कानाची आकृती काढली. बाह्यकर्ण, मध्यकर्ण, अंतर्कर्ण. आतली गोगलगायीच्या शंखासारखी नळी रंगीत खडूनं काढली आणि त्यातल्या कोणत्या पेशी आधी मरतात ते बाण दाखवून समजावलं. ज्याचा कान चाललाय त्या माणसाला! सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "आकृती छान आली मॅडम." आजही ते आठवलं की मला घाम फुटतो.

*

आता निवडायचं कसं? इतर माणसं ऐकतील, काय आवडलं ते सांगतील. आम्ही पेपर तपासायला बसलो. दहापैकी मार्क. लयीला इतके, स्वच्छतेला इतके, भावनेला इतके. एकाच्या आणि दुसऱ्याच्या मार्कात फार फरक पडला तर फेरतपासणी. बिरादार सरांनी तर निगेटिव्ह मार्किंगही आणलं.

एक रेकॉर्डिंग भर मैफलीतलं होतं. म्हातारा पियानोवाला, जीव ओतून वाजवत होता. मधेच श्रोत्यांतलं कोणीतरी खोकलं. बिरादार सरांनी दोन मार्क कापले.

खान सर म्हणाले, खोकला पियानोवाल्याचा नाही. बिरादार सर म्हणाले, वर्गात शिस्त ठेवणं शिकवणाऱ्याचं काम आहे. यावर अर्धा तास गेला. सोनकांबळे सर मधे एवढंच बोलले, "खोकणारा तिथं बसून ऐकत होता, लई नशीबवान." आम्ही ते ऐकलं आणि खोकल्याचे मार्क किती कापावेत यावर परत सुरू झालो.

*

पक्षपात नको म्हणून एकदा नावं झाकून ऐकायचं ठरलं. बोर्डाच्या पेपरवर नंबर झाकतात तसं. फोन बिरादार सरांच्या हातात, आम्ही त्यांच्याकडं पाठ फिरवून बसलेलो.

खान सरांनी दुसऱ्या रेकॉर्डिंगला चार मार्क दिले. हात जड आहे, माणूस घाईत आहे, घरी कोणी वाट बघत असावं. पाचव्याला नऊ दिले. काय ठहराव आहे, म्हणाले, हा माणूस आयुष्यात खूप सोसलेला आहे.

दुसरं आणि पाचवं एकच होतं. बिरादार सरांनी मुद्दाम परत लावलेलं.

खान सर जराही डगमगले नाहीत. "मधे चहा आला होता," म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो. सरही हसले, पण हसताना त्यांनी उजवा कान हातानं पुढं ओढून धरला होता. ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

*

हा नांदेडचा. बिरादार सरांचं म्हणणं पडलं की खराब स्पीकरवर निवड करणं म्हणजे फुटक्या भिंगातून स्लाइड बघणं. खान सरांच्या मेहुण्याचं नांदेडला टीव्ही-स्पीकरचं दुकान. गेलो चौघं. मेहुण्यांनी मधोमध खुर्ची टाकून सोनकांबळे सरांना बसवलं, समोर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर ठेवले आणि बुवा लावले.

दुकानात एकदम शांत झालं. टीव्ही घ्यायला आलेलं एक कुटुंब दारातच थबकलं. त्यातल्या काकांनी चपला काढल्या, हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "कोन गेलं, ताई?"

मी काय सांगणार! तोवर डाव्या स्पीकरपुढं बिरादार सर आणि उजव्यापुढं खान सर उभे राहून भांडायला लागले होते, की खर्जातले सूर जास्त येतात का कमी. मीही मधे पडले. जरा वेळानं सर खुर्चीतून म्हणाले, "थोडं बाजूला सरकता का?"

आम्हाला वाटलं, त्यांना पंख्याचा वारा लागत नसेल. मेहुण्यांनी पंखा वाढवला. परतीच्या रस्त्यावर, लोहा गावाच्या पुढं कुठंतरी, माझ्या डोक्यात उजेड पडला की आम्ही स्पीकर अडवून उभे होतो. खान सर नांदेडलाच घरी राहिले होते; बिरादार सर गाडीच्या खिडकीतून बाहेर बघायला लागले, म्हणजे त्यांच्याही पडला असावा. पण माफी मागायचं तोंड एकालाही झालं नाही.

*

दिवाळीपर्यंत शेवटची दोन उरली. एक जुनं, खरखरीचं. एक नवं, काचेसारखं स्वच्छ. एका बैठकीत निकाल लागला असता.

तेवढ्यात पोर्शन संपवायची घाई आली. मग सराव परीक्षा, मग बोर्ड, मग मेडिकलची 'नीट'. बैठक व्हायची, पण पोरांचे फोन, पालकांचे फोन. दोनापैकी एक लावायचं, मधेच उठायचं, पुढच्या रविवारी बघू म्हणायचं. सरांना विचारलं की ते हसून मान हलवायचे. एकदा मी म्हणाले, सर, एवढा सीझन होऊ द्या. ते म्हणाले, "हाव, हाव. पोरांचं आधी." हे बोलताना ते माझ्या तोंडाकडं फार लक्ष देऊन बघत होते. मला वाटलं, केवढा समजूतदार माणूस.

*

आणि हा परवाचा, जूनमधला.

निकाल लागले, आम्ही मोकळे झालो. आज काहीही झालं तरी एक निवडायचंच म्हणून जमलो. फोन बिरादार सरांचा, स्पीकर त्यांनी घरून आणलेला. आधी जुनं लावलं. खान सर म्हणाले, हेच. मग नवं लावलं. बिरादार सर म्हणाले, हे. खान सर म्हणाले, यात जीव नाही. बिरादार सर म्हणाले, त्यात खरखरीशिवाय काय आहे? मी दोघांना समजवायला गेले आणि दोघांपेक्षा मोठ्यानं बोलायला लागले. सोनकांबळे सर पलंगावर बसून आमच्याकडं आळीपाळीनं बघत होते, नेहमीसारखे.

शेवटी मी म्हणाले, सरच ठरवतील. त्यांच्याकडं वळून विचारलं, "सर, कोणतं?"

सर नुसते हसले. परत विचारलं. परत हसले.

सरांच्या बायकोला आम्ही ताई म्हणतो. त्या पोह्यांच्या बशा घेऊन आल्या होत्या. त्यांनी बशा खाली ठेवल्या.

"त्यांना विचारू नका," त्या म्हणाल्या. "डिसेंबरपासून काहीच ऐकू येत न्हाई त्यांना."

मी म्हणाले, पण ते तर दर रविवारी आमच्यासोबत बसतात.

"तुमची तोंडं बघत बसतात," ताई म्हणाल्या. "मला म्हणले, ज्या रेकॉर्डिंगला हे तिघं बोलायचे थांबतील, तेच सगळ्यात चांगलं. तेवढं मला कळलं तरी बस झालं. तुम्हाला सांगू नको म्हणले, मन दुखंल म्हणून."

खान सरांनी मान खाली घातली. बिरादार सरांचा बशीकडं गेलेला हात तसाच राहिला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. भुईनं पोटात घ्यावं असं झालं मला, खरंच सांगते. बुवांचा तुकडा आमच्या भांडणातच कधीतरी संपून गेला होता आणि स्पीकरवर कुठल्याशा क्लासची जाहिरात चालू होती, बारावीच्या नव्या बॅचची.

ताई सरांकडं पाठ करून उभ्या होत्या, त्यांचं बोलणं सरांना कळलंच नव्हतं. त्यांनी खान सरांकडं पाहिलं, बिरादार सरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. पलंगावरून पुढं सरकले. चेहरा असा खुलला की काय सांगू.

"हेच!" ते मोठ्यानं म्हणाले. "हेच हाय ते. कोनी वाजवलंय?"