पंचेचाळीस फळ्या

माझी मोठी मावशी बावीस वर्षं लाकडाच्या एका मोठ्या गिरणीत करवतींना धार लावत होती. गिरणीच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिला एकच खिडकी, आणि खिडकीखाली मावशीचं बाक. करवतींचे पट्टे वेटोळी करून भिंतीवर टांगलेले असत. त्यातला एक काढायचा, एकेक दात कानशीनं घासायचा, मग एक दात किंचित डावीकडे झुकवायचा, एक उजवीकडे, तिसरा सरळ ठेवायचा, आणि पट्टा संपेपर्यंत हेच करत राहायचं. गिरणीत तिला सगळे कानसबाई म्हणत. हातातली कानस परवडली पण जिभेची नको, असंही तिच्या माघारी म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, त्याच गिरणीत ओंडके कापायच्या मोठ्या यंत्रावर होते. दोघं एकाच डब्यातून जेवत, पण त्या यंत्राजवळ मावशी कधी उभी राहिली नव्हती. बायकांनी तिकडं यायचं नाही असा काही लेखी नियम नव्हता. तरी तो सगळ्यांना पाठ होता.

गिरणी बंद पडली तेव्हा मावशी बावन्नची होती आणि काका अठ्ठावन्नचे. तोवर लाकडाच्या धुळीनं काकांच्या छातीची पार दैना केली होती. दहा पायऱ्यांच्या जिन्यात त्यांना दोनदा टेकावं लागे. मूलबाळ नव्हतं. मी जवळच्याच शाळेत शिकवते, त्यामुळे दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जात असे. अशाच एका रविवारी मावशीनं भाजी वाढता वाढता सांगून टाकलं, "मी छोटी करवत घेतेय. गाडीमागं जोडून नेता येते ना, तसली. झाड पडेल तिथं जाऊन कापायचं."

काकांनी घास खाली ठेवला. "चालवणार कोण?"

"मी."

"अगं, तू उभ्या जन्मात एक ओंडका कापला नाहीस."

"आणि तुम्ही उभ्या जन्मात एक दात घासला नाहीत. वीस वर्षं माझ्या धारेवर कापलंत. आता तुम्ही सांगा, मी कापते."

काकांनी खाली ठेवलेला घास उचलून तोंडात घातला. मग म्हणाले, "भाजीत मीठ नाही." आम्हांला समजलं की त्यांनी होकार दिला.

यंत्र निवडायला आम्ही तिघंही गेलो. विक्रेता सगळं काकांना समजावत होता. इंजिन केवढं दमदार, वेग किती, रंग कसा उन्हापावसात टिकतो. काका दम घेत म्हणाले, "मला नका सांगू. मालकीणबाई त्या आहेत." तोवर मावशीनं पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढून एका यंत्राच्या रुळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरलं होतं. ओंडका खाली पक्का बसवलेला असतो आणि करवतीचा गाडा या रुळांवरून त्याच्यावर सरकत जातो. रूळ वाकडा तर फळी वाकडी.

"हा इथं पोटात गेलाय," ती म्हणाली.

"मावशी, एवढ्याशानं काय होतंय?" विक्रेता म्हणाला.

"पहिल्या फळीला काही होत नाही. दहावी बघायला तुम्ही येणार आहात का?"

शेवटी तिनं घेतलं ते तिथलं सगळ्यात दिसायला बेताचं यंत्र. इंजिन लहान, पण खालचा सांगाडा जाड लोखंडाचा. पट्टा ज्या दोन चाकांवर फिरतो ती चाकं तिनं हातानं फिरवून पाहिली, कान जवळ नेऊन ऐकली. ग्रीस भरायच्या जागी तिचा हात पोचतो का, बेल्ट साध्या दुकानात मिळतो का, हे विचारलं. विक्रेता म्हणाला, "पण ते बाजूचं मॉडेल कधी बिघडतच नाही." मावशी म्हणाली, "बिघडल्यावर मला उघडता येईल तेच बरं."

पहिल्या ओंडक्याची पहिली फळी निघाली ती पाण्यावरच्या लाटांसारखी. मावशीनं पट्टा काढला, धार लावली, पुन्हा कापलं. पुन्हा लाटा. तिसऱ्यांदा ती पट्टा काढायला निघाली तेव्हा अंगणातल्या खुर्चीवरून काका म्हणाले, "धारेला हात लावू नकोस, धार उत्तम आहे. पट्ट्याला ताण कमी पडतोय. आणि तू गाडा ढकलतेयस जसं काही कुणी मागं लागलंय."

"मग कसा ढकलू?"

"भुसा हातात घे. पिठासारखा लागला तर करवत नुसती घासतेय. रव्यासारखा लागला की समज, कापतेय."

दिवसभर असंच चाललं. ती कापायची, मूठभर भुसा घेऊन खुर्चीपाशी जायची, काका दोन बोटांत चोळून मान हलवायचे. संध्याकाळी एक फळी सरळ निघाली. मावशीनं ती काकांच्या मांडीवर आडवी ठेवली. काकांनी एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकली आणि मग ती फळी तशीच धरून बसले. मी चहा घेऊन गेले तर त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "धूळ गेली."

पुढच्या वर्षभरात मावशीला आसपासची बोलावणी येऊ लागली. कुणाच्या अंगणातलं झाड पडलेलं, कुणाला गोठ्याला फळ्या हव्या असलेल्या. कामाला सुरुवात करण्याआधी ती जुन्या झाडांच्या बुंध्यांवरून चुंबक फिरवायची, कारण लोकांनी कधीकाळी दोरी बांधायला ठोकलेले खिळे आत गडप झालेले असतात. काकांची खुर्ची मात्र हळूहळू अंगणातून ओसरीत आली आणि मग खिडकीजवळच्या पलंगाला टेकली. नाकाला नळी लागली. ऑक्सिजनचा सिलिंडर दर बुधवारी नर्सबाई हातगाडीवर घालून, नदीवरच्या पायी पुलावरून घेऊन येत. आमची वस्ती नदीच्या अलीकडे, दवाखाना पलीकडे.

त्या वर्षी वरच्या भागात दोन दिवस पाऊस कोसळला आणि मंगळवारी सकाळी नदीनं पुलावर डोकं आपटलं. लोखंडी तुळया राहिल्या, पण मधल्या तीस फुटांवरच्या लाकडी फळ्या एकूण एक वाहून गेल्या. दुपारी पूर उतरला तरी धार अशी होती की होडी घालायची कुणाची छाती नव्हती. पलीकडच्या काठावरून बांधकाम खात्याचे साहेब कर्णा घेऊन ओरडले, "फळ्या यायला आठ दिवस लागतील!"

काकांच्या सिलिंडरचा काटा मी पाहिला. नर्सबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "प्रवाह कमी केला तर उद्या संध्याकाळपर्यंत पुरेल. त्यापुढं नाही. नवा भरलेला माझ्यापाशी तयार आहे, पण तुळईवरून तो खांद्यावर घेऊन कोण येणार?"

मावशीनं सगळं ऐकलं. पुरानं काठावर निलगिरीची तीन मोठी झाडं आणून टाकली होती, ती तिनं मघाशीच पाहिली होती. ती काकांच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली, पण तिचा पाय निघेना.

"जा की," काका म्हणाले.

"तुम्हांला असं टाकून कशी जाऊ?"

"इथं बसून तू मला श्वास देणार आहेस का? जा. खिडकी तेवढी उघडी ठेव."

वस्तीतले पंधरा-वीस जण मदतीला आले. वस्तीतल्याच एका ठेकेदारानं हिशेब मांडला: चार फुटी पंचेचाळीस फळ्या, दोन इंच जाडीच्या. म्हणजे बारा फुटी पंधरा कापून प्रत्येकीचे तीन तुकडे. सगळ्यांना वाटलं, आता इंजिन सुरू होणार. पण मावशीनं आधी दोन माणसं लावून यंत्राचे पाय चिखलातून उचलले, खाली लाकडी ठोकळे घातले आणि पाणसळ लावून रूळ समतल केले. मग म्हणाली, "साली काढा. आणि ओंडके धुवा."

"धुवा?" ठेकेदार उखडलाच. "कानसबाई, तिकडं माणूस घटका मोजतोय आणि तुम्ही लाकडांना आंघोळ घालताय?"

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. पण आवाज चढला नाही. "तो माणूस माझा आहे. सालीत वाळू भरलीय. माझ्याकडं चार पट्टे आहेत. असंच कापलं तर चारही तासाभरात बोथट होतील, मग काय दातांनी कापू?"

कुऱ्हाडी, कोयते, बादल्या आल्या. ठेकेदारानंच पहिली बादली ओतली.

मी काकांपाशी परत आले होते. इंजिनाचा आवाज खिडकीत आला तेव्हा चार वाजले होते. काका डोळे मिटून ऐकत होते. निलगिरी आतून ताणलेली असते, एका बाजूनं कापत गेलं की ओंडका धनुष्यासारखा वाकतो. "तिला सांग," काका थांबत थांबत म्हणाले, "दोन फळ्या काढल्या की ओंडका उलटा कर. दोन्ही अंगांनी सारखं काप." मी धावत गेले, सांगितलं. मावशी गाड्यावरचा हात न काढता म्हणाली, "तसंच करतेय म्हणावं. आणि त्यांना सांग, श्वास सांभाळा, बोलू नका." मी परत येऊन सांगितलं. काका हसले, त्यानं त्यांना खोकला आला, आणि मला वाटलं, मी हे सांगायला नको होतं.

अंधार पडेतो सहा फळ्या झाल्या. मावशी घरी आली, हातपाय धुतले, पट्ट्यांना धार लावून ठेवली आणि काकांचा हात धरून बसून राहिली. उजाडताच परत गेली.

सकाळी नऊच्या सुमाराला इंजिन एकदम किंचाळलं आणि बंद पडलं. काकांनी डोळे उघडले. "दगड," ते म्हणाले. खरंच, ओंडक्याच्या भेगेत आत खोल एक खडा अडकून बसला होता, धुण्यानं तो दिसणार नव्हता. हातभर पट्ट्याचे दात उडाले होते. मावशीनं नवा पट्टा चढवला, चाकं हातानं दोनदा फिरवून पट्टा जागेवर चालतोय का ते पाहिलं, आणि मगच इंजिन सुरू केलं. या सगळ्याला दहा मिनिटं लागली असतील. मला ती कधी संपणारच नाहीत असं वाटलं. काका मात्र शांत होते. "घाई करत नाहीये," ते म्हणाले. "शिकली."

दुपारी दोनला पंधरावी फळी निघाली. माणसांनी तुकडे केले, तुळयांवर टाकले, बोल्ट आवळले. चारनंतर हातगाडीची चाकं पुलावर खडखडली. नर्सबाईंनी घरात येऊन आधी सिलिंडर बदलला आणि मग खुर्चीत बसून घाम पुसला. मावशी दारात उभी होती, केसांपासून चपलांपर्यंत भुशानं माखलेली. काकांनी तिला जवळ बोलावलं आणि तिच्या बाहीवरचा भुसा चिमटीत घेऊन चोळला.

"चांगला आहे," ते म्हणाले.

काका त्यानंतर पाच महिने होते. एका दुपारी मावशी शेजारच्या वाडीत कापायला गेली असताना मीच फोन केला. ती आली तेव्हा ते शुद्धीवर होते. तासाभरानं गेले. बोलण्यासारखं दोघांचं काही राहिलं नव्हतं, असं मावशी नंतर म्हणाली.

दीड महिना तिनं यंत्राकडं पाहिलं नाही. मग एक दिवस ताडपत्री काढली, सुरू केलं, तर चाकं धडधड उडू लागली. काम संपलं की पट्ट्याचा ताण सैल करायचा असतो, नाहीतर चाकांवरचं रबर एका जागी दबून चपटं होतं. त्या दुपारी फोन आल्यावर ती तशीच निघाली होती. ताण दीड महिना तसाच राहिला होता. ती यंत्राशेजारी जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली. काका गेले त्या दिवशीही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसले. थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तेरा नंबरचा पाना दे." दोन्ही चाकांचं रबर बदलायला आम्हांला संध्याकाळ झाली.

पुलावर आता काँक्रीट आहे. फळ्या दोन वर्षांतच कुजायला लागल्या होत्या. मी हळहळले तर मावशी म्हणाली, "अगं, ओल्या लाकडाच्या होत्या. त्यांचं काम झालं."

ती आता साठीला आलीय. आठवड्यातून चार दिवस कापते, पाचव्या दिवशी नुसती धार आणि ग्रीस. तोंडाला मास्क लावल्याशिवाय कुणाला यंत्राजवळ उभं राहू देत नाही, मग तो झाडाचा मालक का असेना. गेल्या महिन्यात एक मोठे बागाईतदार चिडून म्हणाले, "माझ्याच झाडाजवळ मला उभं राहायची चोरी?" मावशीनं इंजिन बंद केलं, खिशातून नवा मास्क काढून त्यांच्यापुढं धरला आणि त्यांनी तो बांधेपर्यंत हात बांधून उभी राहिली.